रिपोर्टवर 'ट्रेट', पण पोरगं आजारी: सुरगाण्याच्या एका सिकलसेल केसमध्ये पीसीआर, एन्झाइम आणि जेलनं काय सांगितलं

पेशंट म्हणजे सुरगाणा तालुक्यातला पाच वर्षांचा मुलगा, ओळख पटेल असे तपशील बदललेत. आईवडील पावसाळा सरला की दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला येतात, छाटणीपासून माल निघेपर्यंत मळ्यातच राहतात, आणि थंडी वाढली की या पोराचे हातपाय दुखायला लागतात, पोट फुगतं, डोळे पिवळे होतात. आधी सगळ्यांनी कावीळ म्हणून सोडून दिलं, झाडपाला झाला, गंडेदोरे झाले. यंदा डिसेंबरात हिमोग्लोबिन ६.२ वर आलं तेव्हा एका दवाखान्यात रक्त चढवलं, आणि ते चढवून झाल्यावर कुणाला तरी सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा, विचार सुचला. सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलचं हिमोग्लोबिन आहे का एवढंच सांगणारी साधी चाचणी) पॉझिटिव्ह आली, मग एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) झाली, त्यात एचबी ए म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन ४८ टक्के, एचबी एस म्हणजे सिकलचं ३७, एचबी एफ म्हणजे गर्भातलं १०, ए टू हा एरवी थोडासाच असणारा प्रकार ५ च्या आसपास, आणि खाली एक ओळ: सिकलसेल ट्रेट. म्हणजे जीनची एकच प्रत बिघडलेला नुसता वाहक, काळजीचं काही नाही, फॉलिक अॅसिड द्या.

नाशिकच्या ज्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी हे पोर आमच्या लॅबकडे पाठवलं त्यांचा प्रश्न एकदम सरळ होता. वाहक मुलाची स्प्लीन म्हणजे प्लीहा बरगडीखाली चार बोटं का लागावी? वाहकाला सहसा असं काही होत नाही, तो शेतात राबतो, शाळेत पळतो, त्याला कळतही नाही. आणि पाच वर्षांच्या मुलात एचबी एफ १० टक्के हे पण पटण्यासारखं नाही, ते या वयापर्यंत खूप खाली यायला पाहिजे.

यातली पहिली गोम अशी की एचपीएलसी रक्तातलं हिमोग्लोबिन मोजते, ते कुणाचं आहे हे तिला कळत नाही. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी रक्त चढवलंय, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणजे त्या ४८ टक्के ए मधलं बरंचसं रक्तदात्याचं. मशीन बरोबर होतं, आकडे बरोबर होते, फक्त रिपोर्ट लिहिणाऱ्यापर्यंत रक्त चढवल्याची माहितीच पोचली नव्हती. रक्त चढवायच्या आधी दोन मिली नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवला असता तर या केसचं अर्धं कोडं उभंच राहिलं नसतं, आणि हे मी अगदी कळकळीनं लिहितोय कारण दुर्गम भागातून आलेल्या पोरांच्या बाबतीत असं वारंवार घडतं.

म्हणून डीएनए. हिमोग्लोबिन उसनं असू शकतं, जीन उसना नसतो. बीटा ग्लोबिनचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका घटक प्रोटीनचा, जीन ११ नंबरच्या क्रोमोसोमवर, छोटासाच, साधारण १,६०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा. त्याच्या सहाव्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या गटात, जीएजी चं जीटीजी झालं की ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन येतं, सिकलसेल म्हणजे मुळात एवढंच, एका ए चा टी.

पहिला नमुना आला तो हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये. हिरवं टोपण म्हणजे हेपॅरिन, आणि हेपॅरिन पीसीआरमध्ये (डीएनएच्या एका तुकड्याच्या लाखो प्रती काढायची पद्धत) प्रती बनवणाऱ्या टॅक पॉलिमरेज या एन्झाइमचं काम बंद पाडतं. नवीन मुलांना इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, हेपॅरिनवाल्या रक्तातून डीएनए छान निघतो, २६०/२८० चा रेशो (नमुना यूव्ही प्रकाश किती शोषतो त्यावरून शुद्धता बघायचा आकडा) पण १.८ येतो, सगळं शुद्ध दिसतं आणि तरी पीसीआरमध्ये काही म्हणजे काही येत नाही, कारण तो रेशो प्रोटीनची भेसळ दाखवतो, हेपॅरिन नाही दाखवत. हेपॅरिनेज नावाचं एन्झाइम वापरून ते काढता येतं पण ते महाग, आणि एवढ्या महत्त्वाच्या निकालासाठी जुगाड नको वाटलं. मुलाला परत बोलावलं. वडिलांची एका दिवसाची मजुरी गेली, वर एसटीचं भाडं. ते फक्त एवढंच म्हणाले, "ताईंनी सांगितलं होतं एकदाच सुई लागंल." ताई म्हणजे त्यांच्या पाड्यावरच्या आशाताई. ट्यूबच्या टोपणाचा रंग चुकला की त्याची किंमत कोण मोजतं ते यात दिसतं.

या वेळी जांभळं टोपण, ईडीटीए. सोबत आईवडिलांचं रक्त, आणि मुलाच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना, त्याचं कारण पुढे येईल. डीएनए काढायला आम्ही सॉल्टिंग आउट वापरतो, फिनॉल नाही क्लोरोफॉर्म नाही. लाल पेशी फोडून धुवून टाकायच्या, पांढऱ्या पेशींचा गोळा उरतो त्यात एसडीएस आणि प्रोटिनेज के घालून ठेवायचं, मग संपृक्त मिठाचं पाणी घातलं की प्रोटीन खाली बसतं, वरचं नितळ पाणी दुसऱ्या ट्यूबमध्ये घेऊन त्यात थंड इथेनॉल. ट्यूब हळूच उलटीपालटी केली की आधी पाण्यात वितळत्या साखरेसारख्या रेषा दिसतात आणि मग एकदम पांढरा गुंता तयार होतो. हे इतक्यांदा बघूनही मी अजून थांबून बघतो.

आता मुख्य टेस्ट, पीसीआर-आरएफएलपी, म्हणजे डीएनएचा तुकडा वाढवायचा, एन्झाइमनं कापायचा आणि जेलवर तुकड्यांची लांबी बघायची. तत्त्व जुनं आहे पण सुंदर आहे. डीडीई वन नावाचं रिस्ट्रिक्शन एन्झाइम सीटीएनएजी हा क्रम दिसला की डीएनए कापतं, मधलं एन म्हणजे कुठलंही अक्षर चालतं. नॉर्मल जीनमध्ये पाचव्या कोडॉनचं शेवटचं सीटी आणि सहाव्याचं जीएजी मिळून सीटीजीएजी होतं, म्हणजे कापतं. सिकलमध्ये तिथं सीटीजीटीजी होतं, ते कापत नाही. या जागेच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर डीडीई वनच्या आणखी दोन जागा आहेत ज्या सिकल असो नसो तशाच राहतात. त्यामुळे नॉर्मलमध्ये २०१ आणि १७५ बेसचे दोन तुकडे मिळतात, सिकलमध्ये मधली कापणी चुकते म्हणून ३७६ चा एकच. वाहकात तिन्ही.

आधी हे सगळं सदर्न ब्लॉटवर व्हायचं, १९७५ मध्ये एडविन सदर्न यांनी काढलेली पद्धत, त्याला भरपूर डीएनए लागायचा आणि किरणोत्सारी प्रोब, म्हणजे हवा तो तुकडा दाखवणारा खुणेचा डीएनए. १९८५ मध्ये सेटस कंपनीच्या सायकी, मुलिस वगैरे मंडळींनी पीसीआर पहिल्यांदा जगापुढे मांडला तो याच जीनवर, याच आजाराच्या निदानासाठी. कॅरी मुलिस यांना १९९३ चं नोबेल मिळालं. आपल्या कळवण-सुरगाण्याच्या पोरांना जो आजार आहे त्याच्यासाठीच हे तंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो.

आमचे प्रायमर, म्हणजे कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए, कडेच्या त्या दोन्ही कायमच्या जागांच्या बाहेर बसवलेत, म्हणून न कापलेला तुकडा साधारण साडेचारशे बेसचा येतो. हे मुद्दाम केलंय. कारण या टेस्टचा मोठा धोका असा की 'कापलं नाही' याचे दोन अर्थ होतात, एक म्हणजे तिथं सिकल आहे, दुसरा म्हणजे एन्झाइमनं कामच नीट केलं नाही. एन्झाइम जुनं झालंय, बफर चुकलाय, फार वेळा फ्रीजबाहेर राहिलंय, काहीही असू शकतं. अर्धवट कापणी झाली तर पूर्ण नॉर्मल माणूस वाहक दिसेल, कारण थोडा माल कापलेला, थोडा तसाच. पण कडेच्या जागा तर सगळ्यांच्यात असतात, तिथं कापलं गेलंच पाहिजे. साडेचारशेचा बँड, म्हणजे जेलवरची पट्टी, शिल्लक दिसला की समजायचं कापणी अपुरी आहे, तो जेल वाचायचाच नाही.

तीन टक्के अॅगारोजचा जेल (त्यातून विजेनं तुकडे सरकतात, छोटे पुढे जातात), ५० बेसचा लॅडर म्हणजे लांबी ताडून बघायची खूण, आणि लेन म्हणजे नमुन्यांचे रकाने अशा: माहीत असलेला नॉर्मल, माहीत असलेला वाहक, माहीत असलेला एसएस (दोन्ही प्रती सिकल) रुग्ण, मुलाचं रक्त, मुलाचा गाल, आई, वडील, शेवटी ब्लँक ज्यात डीएनएऐवजी नुसतं पाणी. २०१ आणि १७५ मध्ये फरक फक्त २६ बेसचा, त्यामुळे घाई करून व्होल्टेज वाढवलं तर दोन्ही एकत्र जाड पट्टा होऊन बसतात, निळा डाय बराच खाली जाईपर्यंत धीर धरावा लागतो.

यूव्हीखाली जेल ठेवला तर मुलाच्या लेनमध्ये तीन बँड. ३७६, २०१, १७५. आई तशीच, तीन बँड. वडिलांचे दोनच, २०१ आणि १७५, म्हणजे वडिलांकडे सिकल नाहीच.

खरं सांगायचं तर आमच्या सगळ्यांची अपेक्षा वेगळी होती. वाटलं होतं मुलगा एसएस निघेल, एकच ३७६ चा बँड, आणि एचपीएलसीचा ए सगळा रक्तदात्याचा ठरेल. तसं झालं नाही आणि वरवर बघता 'ट्रेट' लिहिणाराच बरोबर निघाला. अशा वेळी दोन मोह होतात, एक म्हणजे निकाल आवडला नाही म्हणून टेस्टवर संशय घ्यायचा, दुसरा म्हणजे जेल दाखवतोय ना मग वाहक असं लिहून मोकळं व्हायचं. दोन्ही वाईट. करायचं काय तर त्या नॉर्मल बँडला नीट उलटतपासणीला उभं करायचं.

तर तो नॉर्मल बँड कुठून आला असेल? पहिली शंका, मुलगा खरा एसएस आहे आणि नॉर्मल डीएनए दुसरीकडून मिसळला, पिपेटमधून, मास्टरमिक्स म्हणजे पीसीआरच्या तयार मिश्रणातून. ब्लँकची लेन स्वच्छ होती, एसएस कंट्रोलची लेन पण स्वच्छ, तिथं २०१-१७५ ची पुसटशी सावलीसुद्धा नाही. मिसळ असती तर तिथं दिसली असती. दुसरी शंका उलट बाजूची, ३७६ चा बँड हा अपुऱ्या कापणीचा असेल का? साडेचारशेचा बँड कुठल्याच लेनमध्ये नाही, नॉर्मल कंट्रोलमध्ये ३७६ नाही, म्हणजे कापणी पूर्ण झालीय. तिसरी शंका बालरोगतज्ज्ञ मॅडमची आणि ती सगळ्यात चांगली होती: रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशी? चढवलेल्या रक्तात थोड्या पांढऱ्या पेशी असतातच, त्यांच्यात डीएनए असतो. त्या सहसा लवकर निघून जातात आणि जेलवर दिसण्याइतक्या उरत नाहीत, पण 'सहसा' वर एका पोराचं निदान ठेवायचं नाही म्हणून तर गालाचा नमुना घेतला होता. गालाच्या आतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या. तिथंही तेच तीन बँड, तसेच ठळक.

म्हणजे तो नॉर्मल बँड मुलाचा स्वतःचाच. सहाव्या कोडॉनला त्याच्याकडे एक प्रत सिकल, एक प्रत नॉर्मल.

पण वाक्य परत वाचा: सहाव्या कोडॉनला. डीडीई वन फक्त ती पाच अक्षरं तपासतं. त्या प्रतीत पुढे कुठं बिघाड आहे का हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. सिकलचा आजार व्हायला दोन्ही प्रती सिकलच असाव्या लागतात असं नाही, एक सिकल आणि दुसरी थॅलेसेमियाची असली तरी पोर आजारीच पडतं, कारण दुसऱ्या प्रतीतून चांगलं ग्लोबिन तयारच होत नाही किंवा अगदी नावापुरतं होतं. याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. आणि अशा मुलात स्प्लीन मोठी राहते, एचबी एफ जास्त असतं. सगळं जुळायला लागलं.

वडिलांची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मागवली. हिमोग्लोबिन १२.४, लाल पेशी ६० लाखांच्या वर, पण पेशीचा आकार म्हणजे एमसीव्ही ६५. पेशी भरपूर पण बारक्या, हे थॅलेसेमिया वाहकाचं नेहमीचं चित्र. त्यांना आधी कुणीतरी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांनी त्या इमानेइतबारे खाल्ल्या होत्या. एचपीएलसीत ए टू ५.४ टक्के, साडेतीन-चारच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमिया वाहक धरतात. मुलाच्या रिपोर्टमध्ये पण ए टू वाढलेलं होतं, पण सिकल असलेल्या नमुन्यात एचबी एस चेच काही बदललेले अंश ए टू च्या जागी उतरतात, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर विसंबता येत नाही, आईवडील बघावेच लागतात.

कुठला थॅलेसेमिया हे शोधायला आर्म्स-पीसीआर. भारतात बीटा थॅलेसेमियाचे बरेचसे रुग्ण पाचच म्युटेशनमध्ये, म्हणजे जीनमधल्या बदलांमध्ये, सापडतात, त्यामुळे त्या पाचांसाठी ट्यूब लावायच्या. यात प्रायमरचं शेवटचं अक्षरच म्युटेशनवर बसवतात. टॅककडे चूक पुसायची सोय नसते, त्यामुळे शेवटचं अक्षर जुळलं नाही तर तो पुढे जात नाही, बँड नाही. जुळलं तर बँड. प्रत्येक ट्यूबमध्ये एक कंट्रोल तुकडा पण वाढवायचा, म्हणजे बँड आला नाही तर म्युटेशन नाही म्हणून आला नाही की पीसीआरच फसला म्हणून, हे कळतं. परत तेच, न दिसण्याचे दोन अर्थ.

वडील आणि मुलगा दोघांतही आयव्हीएस वन-फाइव्ह, जी च्या जागी सी, हे पॉझिटिव्ह. भारतात सगळ्यात जास्त सापडणारं हेच. पहिल्या इंट्रॉनचं (जीनमधला, आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) पाचवं अक्षर बदलतं, आरएनए जोडताना कुठं कापायचं ही खूण कमकुवत होते, आणि बहुतेक आरएनए चुकीच्या जागी जोडला जातो. थोडासाच बरोबर निघतो.

खात्रीसाठी मुलाचा तोच पीसीआर तुकडा सँगर सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षर-अक्षर वाचायला, पाठवला. हो, तोच. सिकलची जागा जीनच्या कोडिंग भागात विसावं अक्षर, आणि आयव्हीएस वन-फाइव्ह म्हणजे ९२ व्या अक्षरानंतर इंट्रॉनमधलं पाचवं, दोघांत अंतर फक्त ७७ अक्षरांचं. आम्ही जो बँड यूव्हीखाली बघत होतो त्यातच वडिलांकडून आलेला बिघाड होता, एन्झाइमनं तिकडे बघायचं काही कारण नव्हतं. क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे त्या वाचनाच्या आलेखात, बाकी सगळीकडे एकेक शिखर आणि या दोन जागी एकावर एक दोन-दोन, आधी ए आणि टी, मग ७७ घरं पुढे जी आणि सी. आईकडे फक्त पहिली जागा, वडिलांकडे फक्त दुसरी, म्हणजे मुलात दोन्ही वेगवेगळ्या प्रतींवर आहेत हेही ठरलं.

रक्त चढवून चार महिने होत आल्यावर एचपीएलसी परत केली, तोपर्यंत सुदैवानं रक्त द्यायची वेळ आली नव्हती. एचबी ए ४ टक्के, एस ६९, एफ २१, ए टू ६. उसनं रक्त गेलं आणि मुलाचं खरं चित्र समोर आलं, वाहकात कायम ए जास्त आणि एस कमी असतं, इथं बरोबर उलटं.

मग मॅडमनी एचबी एफ वाढवणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू केलं, न्यूमोकोकलची लस दिली, आईला स्प्लीन हातानं चाचपून कशी बघायची ते शिकवलं, ताप आला तर थांबायचं नाही, थंडीत पाणी कमी पडू द्यायचं नाही. बागेच्या मालकांनाही फोन करून सांगितलं की पोराला पहाटे गारठ्यात मळ्यात न्यायचं नाही, आणि त्यांनी ते ऐकलं. सरकारी यादीत नोंद वाहकावरून रुग्ण अशी बदलून घेतली, ती बदलली नसती तर औषध आणि तपासणीच्या रांगेत हे पोर कधीच आलं नसतं.

या घरात तीन वर्षांची एक बहीण पण आहे. शिबिरात तिची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली होती आणि 'नॉर्मल' लिहिलं होतं. सिकलपुरतं ते खरं आहे, आमच्या जेलवरही तिचे दोनच बँड. पण आर्म्समध्ये ती वडिलांवर गेलीय, आयव्हीएस वन-फाइव्हची वाहक. तिला आज काही त्रास नाही आणि होणारही नाही, फक्त लग्नाच्या वेळी नवऱ्याची सिकल आणि थॅलेसेमिया दोन्ही तपासायचं हे तिच्या कार्डावर स्पष्ट मराठीत लिहून दिलंय. माझं ठाम मत आहे की ज्या पट्ट्यात सिकल आहे तिथं नुसती सोल्युबिलिटी करून थांबू नये, सोबत सीबीसी बघावी, एमसीव्ही कमी दिसला की ए टू बघावं. त्याला पीसीआरची लॅब पण लागत नाही.

आईवडिलांना समजावून सांगितलं की पुढच्या प्रत्येक गरोदरपणात असं मूल व्हायची शक्यता चारात एक, आणि दोन्ही म्युटेशन आता माहीत असल्यामुळे दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन आधीच तपासता येतं. आई म्हणाली, आम्हाला आता दोघंच पुरे, पण माझ्या जावेला सांगा. वडिलांना दोन भाऊ आहेत, एकाचं लग्न झालंय आणि त्याची बायको या आईच्याच नात्यातली, तिचं सिकल अजून कुणी बघितलेलं नाही. तिघांनाही पुढच्या आठवड्यात बोलावलंय, जांभळ्या टोपणाच्या ट्यूब आशाताईंकडे आधीच पाठवून दिल्यात, पहिल्यांदा सीबीसी आणि एचपीएलसी, भावांचं ए टू वाढलेलं निघालं तर सरळ आयव्हीएस वन-फाइव्हची आर्म्स, आणि जावेचा डीएनए डीडीई वनला.